लाहूची चाल

“अंगात काय आहे का, माजी?” असं त्या माणसानं विचारलं आणि सोनीबाईचा हात झग्याच्या नाडीवरच थांबला.

तलासरीच्या पुढं, हायवेला लागून, तपासणीचं नवं सेंटर झालं होतं. एकोणीस सालचा फाल्गुन. बाहेर डांबर तापलेलं, आणि आत पौषातल्या पहाटेसारखी थंडी. कानातलं आणि हातातलं कडं तिनं काढून दिलं होतं. मुलगा दीपेश ते रुमालात बांधून, गेल्या खेपेच्या फिल्मा विसरल्या म्हणून गाडीकडे गेला होता, आणि नेमकं तेवढ्यात ह्या माणसानं विचारलं. गेल्या खेपेला सगळं दीपेशनंच सांगितलं होतं. वय सांगितलं, वजन सांगितलं, बाकी सगळ्याला नाय, नाय, नाय. सोनीबाईला कोणी काही विचारलंच नव्हतं. आज विचारलं, तर हे विचारलं.

“व्हतं,” ती म्हणाली. “आता नाय.”

माणसानं मान वर केली. भाविनभाई त्याचं नाव, उंबरगावकडचा, मराठी बोलायचा ती गुजरातीच्या उतारावरून घरंगळत. “कधी काढलं?”

“काढलं नाय. नवरा मेला तवा आपसूक गेलं.”

“आपसूक कसं जाणार, माजी? डॉक्टरनं काढल्याशिवाय नाय जात. स्टील हतं का लोखंड?”

“लोखंड कशाला रं? देवी.”

तो हसला नाही. “माताजी आवतात? अंगात? माझ्या फोईला, आत्याला, पण यायच्या, नवरात्रमां. ते चालेल माजी, ते मशीनला नडत नाय. मी सळी, स्क्रू, बंदुकीचा छर्रा असं विचारतो.”

“तसलं काय नाय.”

“बस, तर मग झोपा.”

मशीनला नडत नाय. तो सहज बोलून गेला, पण ते वाक्य सोनीबाईच्या पोटात जाऊन बसलं. ती त्या अरुंद पाटावर आडवी झाली, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काही बसवलं गेलं, आणि तिच्या मनात तेच फिरत राहिलं. जे मशीनला नडत नाही ते मशीनला दिसणार तरी कसं? आणि दिसलं तर? मग ते आधीपासून काय होतं म्हणायचं? दीपेश अंगावर पीत होता त्या वर्षी पहिल्यांदा आलं, तेव्हापासून नवरा लाहू जाईपर्यंत बायका तिच्या पायावर पोरं घालत होत्या, म्हातारे तिच्यापुढं हात जोडून पाऊस विचारत होते, ते सगळे डोक्यातल्या एका गाठीपुढं हात जोडत होते काय? डहाणूच्या डॉक्टरनं पहिली फिल्म उजेडाला धरून त्यात वाटाण्याएवढा ठिपका दाखवला होता. “ही गाठ वाईट जातीची असू शकते, नाहीतर टीबीची,” तो म्हणाला होता. “फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून त्याच मशीनमध्ये दुसरी तपासणी करू, गाठीत काय आहे ते कळेल.” दीपेशला दोनच गोष्टी दिसत होत्या, आई जगणार की मरणार. सोनीबाईला तिसरी दिसत होती, आणि ती कोणाला सांगता येत नव्हती.

ह्या सगळ्याची सुरुवात एका धक्क्यानं झाली होती. दिवाळीनंतर जमीन हलायला लागली, डहाणू-तलासरीच्या सगळ्या पाड्यांत. आधी जमिनीच्या पोटातून दगड फुटल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची, मग माणसं बाहेर. लोक दारात तंबू टाकून झोपायला लागले. सोनीबाईच्या घरात भांड्यांच्याही आधी कळायचं ते ढोलाला. लाहूचा ढोल मधल्या खांबाच्या खुंटीवर टांगलेला होता. लाहू गेल्यापासून तो कोणी काढला नव्हता. जमीन हलायच्या आधी तो ढोल आतल्या आत घुमायचा, कोणी हात न लावता, एखाद्यानं ओठ मिटून हुंकार द्यावा तसा. मग सून सुषमा लेकराला उचलून पळायची. एका सकाळी सोनीबाई भाकरी थापत असताना तिच्या उजव्या अंगठ्याला झटका आला. मग बोटांना, मग मनगटाला, आणि हात आपल्या मनानं परातीवर आपटायला लागला. तिला वाटलं जमीन हलली. तिनं ढोलाकडे बघितलं. ढोल गप्प होता. सुषमा चुलीशी शांत बसलेली, लेकरू खेळतंय, आणि हात एकटाच हलतोय. तेव्हा ती जेवढी घाबरली तेवढी भूकंपाला कधी घाबरली नाही. मग तोंड वाकडं झालं, आणि पुढचं तिला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा दारात पाडा जमला होता, आणि शेजारची बायजी तिच्या कपाळाला हळद लावत म्हणत होती, “आली. माउली परत आली. जमीन हालवून आली.”

नाही, असं सोनीबाईला तेव्हाच सांगायचं होतं. जीभ चावली गेली होती, म्हणून राहिलं. आणि राहिलं ते राहिलंच.

“माजी, एकदम स्थिर राहायचं,” भाविनभाई कानाशी वाकला. कानात कापूस कोंबायच्या आधी त्याला काही सांगायचं होतं. गेल्या खेपेला कोणी सांगितलं नव्हतं, पण फोईची आठवण निघाल्यामुळं असेल, हा सांगत बसला. “आज फोटो थोडाच काढायचा, जास्त ऐकायचं. डोक्यात पाणी असतं ने? त्यात बारीक बारीक भवरे असतात, दिसत नाय इतके बारीक. पोरं भवरा फिरवतात, तो कसा डुलत डुलत फिरतो? तसे. मशीनचा लोहचुंबक जितका जोराचा, तितके ते पटापट डुलतात. पण प्रत्येकाची आपली चाल. त्याच चालीनं हाक मारली तर ओ देणार. जरा इकडंतिकडं झालं, तर कितीही बोंबला, कोण ऐकत नाय.”

“सगळ्यांची चाल एकच का?”

“तेच तर! भवरा तोच, पण शेजार बदलला की चाल जराशी बदलते. चांगल्या जागेतला वेगळा, गाठीतला वेगळा. त्यावरूनच समजतं गाठीत कोण राहायला आलंय.”

“आन् हाक बंद केली म्हंजी?”

“थोडा वेळ सगळे बरोबर डुलतात. मग एकेक चुकायला लागतो. थकतात. ते थकणं पण आम्ही ऐकतो.” त्यानं तिच्या डाव्या हातात रबराचा फुगा दिला. “काय झालं तर हा दाबा, मी धावत येतो.”

पाट सरकला आणि ती आत गेली.

आत नळीसारखं होतं, छत नाकाला लागेल इतकं जवळ. तिनं डोळे मिटले. आवाज सुरू झाले. आधी खडखड, मग लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा ठोका, मग तोच ठोका जलद. अंगाखालचा पाट थरथरत होता. सोनीबाई थकली होती. हे थकणं आजचं नव्हतं. महिनाभर झाला, लोक येतच होते. नारळ आणत, पोरं आणत, जमीन कधी थांबंल असं विचारत. तिच्या उजव्या हाताकडे टक लावून बसत, कधी हलतोय म्हणून. चैत्रात पाड्यावरच्या माउलीची पूजा होती. पुतण्या बाळ्या ढोल वाजवणार होता आणि तिला मध्ये बसवणार होते. तिनं कोणाला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

ठोका बदलला. आता तो जोडीनं पडायला लागला, एक जड, एक हलका, मध्ये श्वास घेण्याएवढी फट. सोनीबाईच्या तळपायाला ऊब आली. ही ऊब तिच्या ओळखीची होती. पूर्वी ती अशीच यायची, तळपायातून, नांगरलेल्या मातीत अनवाणी उभं राहिल्यासारखी. मग पोटऱ्या, मग मांड्या, मग आतून कोणीतरी उठून बसायचं आणि सोनीबाई बाजूला व्हायची. माहेरी, वरोरच्या अलीकडच्या पाड्यावर, तिनं कितीतरी ढोल ऐकले होते, काही झालं नव्हतं. इथं आली, लाहूच्या घरात, आणि लाहूच्या हातून ती चाल निघाली, तेव्हा झालं. बाई तीच, पण शेजार बदलला. तिला भाविनभाईचं बोलणं आठवलं आणि नळीत पडल्या पडल्या हसू आलं, पण हलायचं नव्हतं म्हणून तिनं ते गालातच ठेवलं. दुसऱ्या पाड्यांचे ढोलवाले यायचे, लाहूपेक्षा जोरात वाजवायचे, घामाघूम व्हायचे. ती आपली बसून राहायची, दगडासारखी. मग लाहू ढोल गळ्यात घ्यायचा. तो जोरात वाजवायचा नाहीच. चाचपडत यायचा, जरा पुढं, जरा मागं, अंधारात दाराची कडी शोधावी तसा. आणि एकदा ती चाल सापडली की तिथंच धरून ठेवायचा.

लाहू तिच्याशी ह्यावर कधी बोलला नाही. एकदाच, शेतावरून येताना, ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुढं आणि तो मागं, त्यानं विचारलं होतं, “तवा तू असतेस का ती असते?” ती पुढं चालत राहिली होती. भारा जड होता. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर एक गोष्ट व्हायला लागली, ती कोणाच्या ध्यानात आली नाही, तिच्याही उशिरा आली. देवी येऊन गेली की सोनीबाई दोन-दोन दिवस उठत नसे. अंग मोडून यायचं, अंगावरचं दूध आटायचं. ज्या वर्षी ती अशीच थकलेली असेल, आजारातून उठलेली असेल, त्या वर्षी लाहू ढोल वाजवायचा खरा, पण ती चाल येत आली की तिच्या कडेकडेनं निघून जायचा. हात तिथपर्यंत यायचा आणि टाळायचा. लोक कंटाळून म्हणायचे, काय रे लाहू, आज माउली का येत नाय? तो ढोलावर तळवा फिरवून म्हणायचा, “कातडं सर्द झालंय.” चैत्रातल्या भर उन्हात म्हणायचा. आणि लोक ऐकून घ्यायचे, कारण ढोल त्याचा होता.

तो गेला त्या वर्षी पाड्यानं दुसरा ढोल आणला, सगळे वाजवून थकले. काही आलं नाही. लोकांना वाटलं, देवी दुखवट्यात आहे. सोनीबाईला काय वाटलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. तिला वाटलं होतं, हाक मारणाराच गेला, आता ओ कोण देणार आणि कशाला.

म्हणून ती आता नळीत पडून ऐकत होती. एक जड, एक हलका. ऊब पोटऱ्यांपर्यंत आली. जवळ आहे, लाहू, अगदी जवळ आहे. जरा मागं घे. जरासंच मागं. तिची सगळी कातडी कान झाली होती. हे इथं मशीनच्या हाकेला आलं, तर ते तेच होतं म्हणायचं, गाठीतूनच होतं, आणि सगळी वर्षं गाठीचीच. आणि नाही आलं तर? तिला दोन्हींची भीती वाटत होती आणि दोन्ही हवी होती. मशीन मागं घेईना. ते एकाच ठिकाणी ठोकत राहिलं, माणसाला न ओळखता, त्या चालीला लागून पण त्या चालीत नाही. हळूहळू पोटऱ्यांतली ऊब उतरली. पाय पुन्हा म्हातारीचे, थंड झाले. ठोका थांबला, आणि त्याच्या जागी बारीक टिचकी पडायला लागली, टक, थोडं थांबून टक, कोणी उत्तराची वाट बघत विचारावं तशी. आता ऐकतायत, तिला वाटलं. गाठीला विचारतायत, तू कोण म्हणून.

तेवढ्यात पोटातून दगड फुटला.

पाट हलला. तिच्या अंगाखालून काहीतरी सरकून गेलं. टिचकी चालूच होती, पण बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला, दार आपटलं, कोणीतरी गुजरातीत ओरडलं, आणि मग पावलं लांब गेली. सोनीबाई पडून राहिली. जमीन हलली की मी? तिनं सवयीनं ढोलाकडे बघायला डोळे उघडले. नाकाशी पांढरं छत. इथं ढोल नव्हता. इथं सांगणारं कोणी नव्हतं. मग तिनं उजव्या हाताच्या बोटांना एकेक करून मनातल्या मनात हाक मारली. बोटं जागेवर होती. म्हणजे जमीन. तिला बरं वाटलं, इतकं बरं की डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. जमीन असेल तर असू दे. ती हलली नाही. डाव्या हातात फुगा होता, तो तिनं दाबला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पाट बाहेर सरकला तेव्हा भाविनभाईचा चेहरा उतरलेला होता आणि मागं दीपेश रडवेला उभा होता. “आये, मी आतच येत व्हतो, त्यांनी दार लावलं...”

“माजी, फुगा का नाय दाबला?”

“तुला बोलवायचा व्हता ना तो? तू त आधीच पळालास.”

भाविनभाईनं मान खाली घातली. “माफ करा. पाय आपोआप पळतात.” मग पडद्याकडे बघून म्हणाला, “पाछुं, परत करावं लागेल. जमीन हलली ते सगळं बिघडलं. तुम्ही जराय नाय हलल्या, पण धरती हलली.”

“कर,” ती म्हणाली. “मला कुठं जायचंय?”

दुसऱ्यांदा ती आत गेली तेव्हा तिनं ऐकायचं सोडून दिलं. ठोके पडत राहिले आणि ती पेंगली. बाहेर आल्यावर भाविनभाई म्हणाला, “इतका आवाज, आणि एवढं स्थिर कोणी राहत नाय, माजी. जवान माणसं पण नाय.”

“माझी हाक नव्हती ती,” सोनीबाई म्हणाली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं तिला उठताना हात दिला.

पाडव्यानंतर डहाणूला डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं कागदावरच्या रेघेची टेकाडं दीपेशला दाखवली. हे एक उंच आहे, हे जे उंच असायला नको ते उंच नाही. टीबीची गाठ आहे, तो म्हणाला. औषधानं विरघळेल. गोळ्या लांबल्या तरी सोडायच्या नाहीत. दीपेशनं डॉक्टरच्या टेबलालाच नमस्कार केला. मग तो अडखळत म्हणाला, “सायेब, आधी... आईच्या अंगात यायचं. लई वर्षं. ते ह्याच्यामुळं का?”

सोनीबाईनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर चिकूची टोपली घेऊन एक बाई सावलीला बसली होती.

“ही गाठ फार जुनी नाही,” डॉक्टर म्हणाला. “वर्षभराची असेल. आधीचं काय होतं ते ह्यात दिसत नाही.”

“नाय दिसत,” सोनीबाई म्हणाली. विचारत नव्हती, नुसतं म्हणाली.

येताना विवळवेढ्याला देवीच्या जत्रेचे मांडव पडायला लागले होते. दीपेशनं गाडी हळू केली, आईला उतरायचं असेल म्हणून. ती म्हणाली, “चल घरी. झोप आलीय.” थोडं पुढं गेल्यावर तो न राहवून म्हणाला, “आये, मंग ती कोण व्हती गं?” हायवेवर ट्रक मागून ट्रक जात होते. तिला वाटलं, सांगावं ह्याला. तुझ्या बापानं विचारलं तेच तू विचारतोस. पण ते सांगायला पुन्हा तो गवताचा भारा डोक्यावर घ्यावा लागला असता. ती म्हणाली, “गाडी बघून चालव.”

अंगणात बायजी बसली होती, आणि बाळ्या. त्यानं खुंटीवरचा लाहूचा ढोल काढला होता. धूळ पुसून, उन्हाला तापवून समोर ठेवला होता. सुषमा दारात उभी, ओठ दाबून. तिला ते आवडलेलं नव्हतं, पण बायजीपुढं काही चालत नसे.

“काय गं, मशिनीत दिसली का देवी?” बायजी म्हणाली. “का त्यांच्या फोटूला पैसं कमी पडलं?”

“काकी, परवा पूजा हाय,” बाळ्या म्हणाला. “मी काकाचा हात उचललाय थोडा थोडा. ऐक.” आणि त्यानं थाप टाकली. एक जड, एक हलका. जवळ होतं, मशीनपेक्षाही जवळ. पोराच्या हातात रक्त लाहूच्या घरचंच. तो चाचपडत होता, जरा पुढं, जरा मागं, आणि सोनीबाईच्या तळपायाखाली अंगणाची माती ऊन व्हायला लागली. दीपेश पुढं झाला. “बाळ्या, थांब. गाठ हाय तिला, टीबीची, डाक्टरनं...” पण सोनीबाईनं त्याला हातानं बाजूला केलं. ती ढोलाजवळ बसली. बाळ्याची थाप पडायच्या आत तिनं कातड्यावर तळवा ठेवला. कातडं ठणठणीत वाळलेलं होतं, उन्हानं तापलेलं, ताणलेलं.

“सर्द झालंय,” ती म्हणाली.

“काकी, चैतात? दुपारधरनं उन्हात हाय.”

“सर्द हाय म्हन्ते ना. नाय वाजायचं.”

बाळ्यानं हसून बायजीकडे बघितलं, म्हातारीला काही झालंय का असं विचारल्यासारखं. बायजी हसत नव्हती. ती सोनीबाईच्या हाताकडे बघत होती. तळवा ढोलावर कसा ठेवलाय, बोटं कशी जराशी वाकवलीत, ते. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

“लाहू पन चैतातच म्हनायचा,” ती म्हणाली. “टांग रं पोरा तो. वरीसभर टांगून ठेव.”

बाळ्यानं ढोल उचलला. दारातून नेताना तो चौकटीला घासला आणि आतून एकदा घुमला. सुषमानं घाबरून जमिनीकडे बघितलं. जमीन गप्प होती. सोनीबाईनं उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला होता. बोटंही गप्प होती.

“पानी दे गं,” ती सुनेला म्हणाली. “गोळी घ्यायचीय.”